कंट्रोलमधला मावाही मेला होता

सकाळी पावणेआठला इनक्युबेटरचं, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटाचं, दार उघडलं आणि कैरीचं देठ मोडल्यावर उडणाऱ्या चिकाचा वास नाकात शिरला. हिरवा, उग्र, मागून मिऱ्यांचा ठसका. वास ओळखीचा होता. आठवडाभर आम्ही तेच हेंपचं तेल काढत होतो. पण तो डिशच्या बाहेर दरवळायला नको होता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. मला निकाल बघायची घाई होती.

२०१८ चा ऑक्टोबर. मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात एका प्रयोगशाळेत मी कीटकांवर काम करत होते. विषय हेंपच्या तेलाचा. हेंप म्हणजे आपला ताग नव्हे आणि अंबाडीही नव्हे. हे भांग-गांजाचंच झाड, फक्त धाग्यासाठी आणि बियांसाठी निवडलेलं वाण, ज्यात नशा आणणारं टीएचसी नावापुरतंच असतं. इटलीत एके काळी याची प्रचंड शेती होती, मग कापूस आणि कृत्रिम धागा आला आणि ती आटली. २०१६ च्या कायद्यानंतर शेतकरी पुन्हा लावू लागले. धागा निघाला की पानं-फुलोरा उरतो. त्या उरलेल्या फुलोऱ्याचं तेल कीटकनाशक म्हणून चालेल का, यावर कामेरिनो आणि पिसा विद्यापीठांतल्या संशोधकांचं काम त्याच वर्षी छापून आलं होतं. मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) आणि घरमाशी मरत होती, मावा खाणारा ढालकिडा आणि गांडूळ तगत होते. आम्हाला आमच्या भागातल्या पिकावर तेच ताडून बघायचं होतं.

फुलोरा पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल गोळा करायचं. किलोभर ओल्या फुलोऱ्यातून जेमतेम दीड मिली. नळीतला तो पिवळसर थर वाढताना मी तासन् तास बघत बसायचे. त्यात मिर्सीन, पायनीन, कॅरिओफायलीन ही वासाची द्रव्यं. शेवटचं आपल्या लवंगेत आणि मिऱ्यातही असतं.

आदल्या संध्याकाळी कोबीच्या पानाच्या चकत्या तेलाच्या पाच वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून त्यांवर हिरवा मावा सोडला होता. हा मावा साधासुधा नाही. शंभराहून जास्त विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि सत्तरेक कीटकनाशक रसायनं पचवून बसलाय. प्रत्येक डिशमध्ये वीस किडी. सोबत कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, चार डिश: त्यांत पाणी, आणि तेल पाण्यात मिसळायला लागणारा इमल्सिफायर; तेल मात्र नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कीड मऊ ब्रशनं हलवून बघायची. पाय हलला तर जिवंत. सर्वात तीव्र द्रावणात वीसच्या वीस मेलेल्या, तपकिरी पडलेल्या, काहींची सोंड अजून पानात रुतलेली. त्याखालच्या द्रावणात वीस. त्याखाली एकोणीस. मला हर्ष मावेना.

मग कंट्रोल घेतला. सतरा मेलेल्या. पुढच्या डिशमध्ये चौदा, मग नऊ, मग पाच.

ऐंशीपैकी पंचेचाळीस. कंट्रोलमध्ये थोडी मर झाली तर ॲबटच्या १९२५ च्या सूत्रानं आकडे दुरुस्त करता येतात, पण वीस टक्क्यांच्या वर गेली की तो प्रयोग टाकून द्यायचा. आठवड्याचं तेल गेलं. सहकारी म्हणाली, इमल्सिफायर जास्त पडला असेल. पण मग चारही डिशमध्ये सारखंच मरायला हवं होतं. मी वहीत प्रत्येक डिशची जागा लिहिली आणि चित्र दिसलं: सतरावाली डिश तेलाच्या डिशना खेटून, पंख्याच्या वाऱ्यात होती. पाचवाली दाराजवळ, सगळ्यांत दूर. तेव्हा कुठे सकाळचा तो वास आठवला. डिशच्या झाकणांना हवेसाठी जाळी होती. तेल उडालं आणि पंख्यानं ते रात्रभर सगळीकडे फिरवलं.

खात्री करायला दोन काचेच्या बरण्या घेतल्या. तळाशी पान आणि मावा. एका बरणीच्या झाकणाला आतून तेलाचा कागद, दुसऱ्याला कोरा. तेल पानाला कुठेच शिवत नव्हतं. दुपारी तीनपर्यंत तेलाच्या बरणीतला मावा पानावरून खाली गळून पडला होता, दुसरीतला निवांत रस पीत होता. म्हणजे नुसती वाफही मारत होती. निकाल फुकट गेला होता, पण तेल कसं काम करतं ते डोळ्यांसमोर होतं.

संध्याकाळी मामाला फोन लावला. तो यवतमाळकडे कपाशी करतो. २०१७ ला त्या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसेक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधं एकात एक मिसळलेली, तोंडावर फार तर रुमाल. मामाचा सालगडी आठ दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. मी या विषयाकडे वळले ते त्याच्यामुळे.

मामानं सगळं ऐकून घेतलं. "बरणीत मरते, बराबर हाय. पण वावरात बरणी कुठून आणू वं पोरी? वारा सुटला का तुहं तेल उडून जाईन."

नेमकं तेच. पिकावर विष साचत नाही ते याच उडण्यामुळे, आणि शेतात टिकत नाही तेही त्यामुळेच. बारीक कुपीत कोंडून ते हळूहळू सोडता येईल का, यावर काम चालू आहे. पण आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं.

"निंबोळी अर्क आपुन सांजच्यालेच मारतो," मामा म्हणाला. "उन्हात त्याची ताकद जाते. हेबी सांजीलेच मारून पाहाय ना, वारा पडल्यावर." मी ते वहीत लिहिलं. मग त्यानं विचारलं, "इकडं भेटन काय?" मला सांगावं लागलं की आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात पान आणि बी वगळलंय, फुलोरा मात्र गांजा ठरतो, आणि तेल असतं फुलोऱ्यातच. उत्तराखंडात कमी टीएचसीच्या वाणाला परवाने द्यायला तेव्हा सुरुवात झाली होती, पण वावरापर्यंत यायला अवकाश होता. तो "हं" म्हणाला. मला वाईट वाटलं.

ढालकिड्यांचा प्रयोगही पुन्हा लावावा लागला. ते जिवंत होते, पण वेगळ्या खोलीत, उघड्या जाळीत, जिथे वाफ साचतच नव्हती. तेवढ्यावर "सुरक्षित" लिहायला माझा हात धजावला नाही.

पुढच्या आठवड्यात नवं तेल काढलं आणि कंट्रोल वरच्या मजल्यावर ठेवला. सकाळी झाकण उघडलं, वास नव्हता. वीस किडी सोडल्या होत्या, मोजल्या तर सव्वीस भरल्या. मावा नराशिवाय थेट पिल्लं घालतो; रात्रीतून सहा जन्मली होती, काचेसारखी पारदर्शक, आईच्या मागोमाग पानाच्या शिरेवर रांगेत बसलेली.