धाब्यावर वाळवलेली कॉफी
कॉफीचं फळ मी पहिल्यांदा हातात घेतलं ते चिखलदऱ्याला. लालबुंद, करवंदाएवढं. साल जाड, गर नावापुरता पण गोड, आणि आत बुळबुळीत थरात पोटाला पोट लावून बसलेल्या दोन बिया. एवढ्याशा गराने कॉफीच्या चवीत कितीसा फरक पडत असेल? घरी करूनच बघायचं ठरवलं.

पहिली खेप वाया गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली फळं अमळनेरला पोचेपर्यंत तापली, आंबूस वास सुटला, उकिरड्यावर टाकावी लागली. दुसऱ्या वेळी चार किलो आणली ती बांबूच्या टोपलीत, आणि रात्रीच पाण्यात सोडली. तरंगली ती पोचट, बाजूला काढली.

अर्धी फळं बोटांनी पिळून बिया मडक्यात भिजत ठेवल्या. जानेवारीचा गारठा, त्यामुळे बुळबुळ सुटायला दीड दिवस लागला. चोळल्यावर हाताला वाळूसारखी खरखर लागली तेव्हा धुतल्या. उरलेली फळं अख्खीच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, खाटेवर पसरली. कुरडया-पापडांत आयुष्य गेलेली आई म्हणाली, “जाड थर नको लावू रे, बुरशी लागी जाई.” तिचंच ऐकलं. दिवसातून पाच-सहा वेळा परतायची, दव पडायच्या आत झाकायची. धुतलेल्या बिया दहा दिवसांत वाळल्या. अख्ख्या फळांना बावीस दिवस लागले. काळी पडली, कानाशी हलवली की खुळखुळायची.

उखळात कांडून, सुपात पाखडून दोन्ही मिळून जेमतेम साडेसहाशे ग्रॅम बिया निघाल्या. एकाच लोखंडी कढईत, सारख्या आचेवर, वेगवेगळ्या भाजल्या. दोन दिवसांनी दूध-साखर न घालता चाखल्या.

धुतलेली हलकी, स्वच्छ, लिंबाकडे झुकणारी. फळासकट वाळलेली जड, गोडसर, पिकल्या बोरांचा वास असलेली. तोच मळा, तोच तोडा! गरातल्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणू काम करतात, त्यातून आम्लं आणि सुवास तयार होतात, आणि बी त्या फळात जितके दिवस राहते तितके दिवस ते तिला लागत राहतात. पाकिटावर ‘अरेबिका चेरी’ लिहिलेलं असतं ते अशाच, फळासकट वाळवलेल्या कॉफीला.

टरफलं फेकवेनात. येमेनमध्ये त्यांत आलं घालून ‘किशर’ करतात. आईने आमच्या पद्धतीने सुंठ घालून उकळलं. मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी चव आली. उरलेली टरफलं तिने बरणीत भरून ठेवली आहेत.