करंगळी

रविवार, रात्री.

आज आबांकडे अल्बम घेऊन गेले. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय ८४, गंगावेश तालमीतले जुने पैलवान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी छातीपर्यंत चढलं. अल्बम चार दिवस पाण्यात. पूर ओसरल्यावर आम्ही तो गच्चीवर कडक उन्हात वाळवला आणि चिकटलेले फोटो ओढून सोडवले. तिथंच घात झाला. ओले फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटे करायचे, सावलीत कापडावर उताणे वाळवायचे, हे कळलं तेव्हा निम्मे चेहरे गेले होते.

संस्थानच्या मोडी कागदांना कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे. आमच्या घराचं दप्तर आबांच्या अंगात आहे, हे मला आज कळलं. मागच्या महिन्यात मी प्रश्नांची यादी करून, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्यासमोर बसले होते. "व्हय", "न्हाई", "इसारलो बघ". त्यापलीकडं काही निघालं नाही.

आज त्यांचे तालमीतले सोबतीही आले होते. जाजमावर फोटो पसरले. खासबागेतल्या कुस्तीचा एक फोटो, दोन्ही चेहरे पुसलेले. शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ ला हे मैदान उभं राहिलं, हे आम्ही शाळेपासून ऐकतोय. त्या मैदानात आपले आजोबा लढले याचा घरात केवढा अभिमान! उभा पैलवान म्हणजे आजोबा, असं आम्ही कायम धरून चाललेलो.

आबा बराच वेळ फोटोकडं बघत राहिले. मग माझ्या भावाला म्हणाले, "उभा ऱ्हा. पाय पुढं घे." आणि ८४ वर्षांचा तो माणूस खाली झुकून एकेरी पटात, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायच्या डावात, शिरला. गुडघ्यामागं हात गेला, खांदा मांडीला भिडला. सोबती ओरडले, "आरं, डोकं भाईर ठेव!" भाऊ डगमगला. आबा तसेच वाकलेले, म्हणाले, "फोटो आण हिकडं."

पट काढणाऱ्याचा हात शाबूत होता. करंगळी ताठ, बाकीची बोटं आवळलेली. "दादाची करंगळी मोडलेली. मिटायचीच न्हाई. ह्यो खालचा माझा दादा."

इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच माणसाला हात जोडत होतो.

साल मात्र ठरेना. आबा म्हणतात १९६१, सोबती म्हणतात त्याच्या पुढच्या वर्षी. मी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं दोन्ही सालं लिहिली, कोण काय म्हणालं तेही. सोबत्यांनी तालमीतल्या मातीचं सांगितलं: ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कशी मळायची ते. सांगताना त्यांचे हात हवेत माती खालीवर करत होते. तेही टिपून घेतलं.

आत्ता भावानं काढलेला व्हिडिओ पाहतेय. आबा पटात शिरतात तिथं थांबवला. हा डाव त्यांना आजोबांनीच शिकवला. आबांची करंगळी धडधाकट आहे, कधी मोडलेली नाही. तरी तीन बोटं भावाच्या गुडघ्यामागं आवळलेली आहेत आणि करंगळी ताठ, बाहेर.