एवढ्या थंडीत आवाज जातो कुठून?

"एवढ्या थंडीत सगळं गोठून दगड होणार ना? मग आवाज जातो कुठून?" दादरला व्याख्यान असो नाहीतर आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या गप्पा, अतिशीत वायूंचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

आधी गोठण्याचं. हा वायू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या वर जेमतेम अंशाच्या दहा लाखाव्या भागाइतका असतो. तरी तो गोठत नाही, कारण तो हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ असतो. दोन अणू चिकटायचे तर सुटलेली ऊर्जा घेऊन जायला तिसरा जवळ हवा, आणि इतक्या विरळ जागेत तिघांची गाठ क्वचित पडते. तेवढ्या अवधीत प्रयोग उरकायचा.

आता आवाज. संध्याकाळी दादरच्या पुलावर पुढचा माणूस थबकला की दाटी मागे सरकत येते. माणसं जागच्या जागी, सरकते ती दाटी. ध्वनी म्हणजे हेच. १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सोडियमच्या अतिशीत अणूंच्या लांबट ढगाला मधोमध लेसरचा धक्का दिला आणि दोन्ही टोकांकडे निघालेल्या दाटीच्या लाटेचे फोटो काढले. वेग सेकंदाला काही मिलिमीटर! हवेतला आवाज त्याच सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. या ढगातल्या आवाजाला तर मुंगीही मागे टाकेल. तो कानाने ऐकायचा नाही, बघायचा.

हा मंद वेग फार मोलाचा आहे. अशा अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, वायूतून एखादी वस्तू त्याहून हळू नेली, तर तिला लाट उठवता येत नाही, म्हणून घर्षणही होत नाही. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लांदाऊंनी १९४१ साली मांडलेल्या विचाराचं हे सार.

पण माझा जीव अडकलाय तो 'दुसऱ्या ध्वनी'त. आमटीच्या पातेल्यात उष्णता हळूहळू पसरते आणि विरून जाते, परत येत नाही. अतिप्रवाही पदार्थात मात्र ती लाट होऊन धावते, तोच दुसरा ध्वनी. असं का? कारण त्यात जणू दोन द्रव एकात एक मिसळलेले असतात: एक साधा, उष्णता वाहणारा, आणि दुसरा अतिप्रवाही, उष्णता नसलेला. एक इकडे सरकला की दुसरा तिकडे जातो, एकूण दाटी जवळपास तेवढीच राहते, फक्त ऊब झुलते. द्रव हेलियममध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ पेश्कोव्ह यांनी १९४४ साली ही लाट पकडली, सेकंदाला सुमारे २० मीटरची. वायूत, लिथियमच्या अणूंमध्ये, ती २०१३ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला दिसली. २०२४ साली एमआयटीच्या गटाने तर रेडिओलहरींनी तशाच ढगातल्या तापमानाचाच नकाशा काढला. परात हलवली की पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर हिंदकळतं ना, तशी तिथे ऊब हिंदकळत होती आणि वायू जवळजवळ स्थिर होता.