तुम्ही विचारलंत म्हणून: कामगारांसाठी तयार प्रश्नावली मिळेल का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एचआर विभागांकडून हा प्रश्न येतो, तसाच शिवाजी विद्यापीठात प्रबंधाला बसलेल्या विद्यार्थ्यांकडूनही येतो. "कामगारांचं मानसिक स्वास्थ्य मोजायचंय. एखादी तयार प्रश्नावली मिळेल का?"

मिळेल, आजच मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ सालची 'डब्ल्यूएचओ-५' ही पाच वाक्यांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला ४ने गुणायचं. कुणी ३, २, ३, १, २ असं भरलं तर बेरीज ११ आणि गुण ४४. ५० किंवा त्याहून कमी गुण आले, तर या माणसाची पुढे नीट विचारपूस व्हायला हवी, इतकाच त्याचा अर्थ. ते आजाराचं निदान नव्हे.

खरं काम प्रश्नावली हातात आल्यावर सुरू होतं. तो कागद कोण वाटतो, कधी वाटतो आणि भरून झाल्यावर कुणाच्या हातात जातो, यावर आकडा ठरतो. समजा, फाउंड्रीत सुपरवायझरनं पाळी सुटताना फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या विभागात, फॉर्म वाटले आणि तिथंच उभं राहून गोळा केले, तर सगळीकडे ४ आणि ५च दिसणार. 'कसं काय?' म्हटलं की 'बरं हाय की' म्हणायची आपल्याकडची रीत आहे, आणि वरिष्ठ समोर असला की तीच रीत कागदावर उतरते. नुसतं नाव न विचारून भागत नाही. विभाग, वय, शिक्षण आणि नोकरीची वर्षं एकत्र विचारली, तर १४ जणांच्या कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे गाभे बनवणाऱ्या विभागात) फॉर्म कुणाचा हे क्षणात कळतं. म्हणून वय गटात विचारा आणि १०पेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा दाखवूच नका. फॉर्म कुलूपबंद पेटीत पडू देत आणि किल्ली कारखान्याबाहेरच्या माणसाकडे ठेवा.

वेळही तितकीच महत्त्वाची. बोनसची बोलणी चालू असताना किंवा युनियनचा करार अडकलेला असताना काही मोजू नका. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर त्या दोन आठवड्यांत कुठल्या पाळ्या होत्या हे फॉर्मवर हवंच. नाहीतर रात्रपाळीची झोपमोड तुम्ही कामातली नाराजी म्हणून नोंदवाल.

भाषांतरात सर्वांत जास्त चुका होतात. इंग्रजीतून मराठी एकानं करायचं, ते मराठी न पाहिलेल्या दुसऱ्यानं पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे, ही जुनी पद्धत चांगली आहे, पण पुरेशी नाही. 'भावनिक थकवा' हा शब्द या चाचणीतून सहज पार होतो आणि मोल्डिंगमधल्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या, माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याच्यासाठी 'अंग मोडून येतं' ही एक गोष्ट आणि 'कामावरनं मन उडालंय' ही दुसरी. बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं आलेला मनाचा थकवा, मोजायचा असेल तर दुसरीबद्दल वेगळं विचारायला हवं. म्हणून आधी आठ-दहा कामगारांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि 'तुमच्या शब्दांत सांगा, यात काय विचारलंय?' एवढंच विचारा. दोघं-तिघं अडखळले की तो प्रश्न बदला. बिहार, उत्तर प्रदेशातल्या कामगारांसाठी हिंदी प्रत लागेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अनोळखी माणसानं वाचून दाखवावं, त्यांच्या सुपरवायझरनं नव्हे.

विद्यार्थ्यांसाठी इथंच एक सांगतो. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७च्या वर गेला की प्रश्नावली बरोबर, असं धरू नका. न वाचता प्रत्येकानं आपला एकेक रकाना धरून खालपर्यंत खुणा केल्या, तरी अल्फा छान वाढतो.

मग कुणाला विचारायचं? ३०० कामगारांतून १६९ निवडायचे, असा तक्ता पुस्तकात मिळतो. एवढ्या छोट्या कारखान्यात सरळ सगळ्यांनाच विचारा. खरी गळती यादीतच असते. ठेकेदाराची माणसं कंपनीच्या मस्टरवर नसतात आणि सर्वांत जड काम बरेचदा तीच करतात. शिवाय ज्यांना सोसलं नाही ते नोकरी सोडून गेलेले असतात. मागे उरलेल्यांची सरासरी त्यामुळे चांगलीच दिसते. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांपैकी जमतील तेवढ्यांना फोन करा.

सरासरीवरही थांबू नका. सगळ्या कारखान्याचे ६० गुण आणि रात्रपाळीचे ४२, असं असू शकतं.

कारण शोधताना एक मोठी चूक होते. कामाचा बोजा आणि मनाची स्थिती दोन्ही एकाच फॉर्मवर, एकाच बैठकीत विचारली, की त्या दिवशी वैतागलेला माणूस दोन्हीकडे वाईट खुणा करतो आणि त्यांचा संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. म्हणून बोजा मस्टरवरून घ्या: ओटीचे (जादा कामाचे) तास, सलग किती रात्रपाळ्या, नाकारलेल्या रजा. त्याच्या जोडीला, कामाचा क्रम, वेग आणि विश्रांती ठरवण्यात कामगाराला किती वाव आहे, हे जरूर विचारा. कामातल्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकनं १९७९मध्ये मांडलं की बोजा जास्त आणि हातात काहीच नाही, या जोडीनं ताण सर्वांत वाढतो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना जवळचं उदाहरण अहमदाबादचं आहे. १९५३मध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी तिथल्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांची जबाबदारी विणकरांच्या छोट्या गटांकडे दिली, तेव्हा उत्पादन सुधारलं आणि खराब कापड कमी झालं. म्हणून सलग ओटीला हात न लावता योग शिबिर घेणं मला पटत नाही.

बदल करायचाच, तर सगळीकडे एकदम नको. एका विभागात आधी करा, दुसऱ्यात तीन महिन्यांनी करा आणि दोन्हीकडे प्रत्येक वेळी मोजा. नाहीतर दिवाळीमुळे वाढलेले गुण तुम्ही आपल्या खात्यावर जमा कराल. सरासरी १० गुणांनी सरकली, तर तो फरक दखल घेण्याजोगा मानतात.

आणि फॉर्मवर नाव नसल्यामुळे १२ इतके कमी गुण कुणाचे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहिलेली चिठ्ठी निकालाची वाट न पाहता, फॉर्मसोबतच प्रत्येकाच्या हातात द्या.