कोडची शेवटची तीन अक्षरं

न्यू जर्सीत, नेवार्क बंदराजवळच्या एका कस्टम्स ब्रोकरकडे मी एंट्री रायटर आहे. येणाऱ्या मालाचे कागद वाचायचे आणि कस्टम्सच्या प्रणालीत त्याची एंट्री भरायची, हे माझं काम. टॅरिफ कोड, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग. घरी येऊन सांगावं असं यात क्वचितच काही घडतं. गेल्या हिवाळ्यातली लाकडी खेळण्यांची एक खेप मात्र सांगण्यासारखी आहे.

आधी थोडं मागचं. २००७ मध्ये रंगात शिसं सापडल्यामुळे अमेरिकेत लाखो खेळणी परत मागवावी लागली, त्यात लाकडी आगगाड्याही होत्या. पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. तेव्हापासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना सुरक्षेचे जे नियम लागू होतात, त्यांनुसार त्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घ्याव्या लागतात आणि तसं प्रमाणपत्र लागतं. माल परदेशात बनलेला असेल तर ते इथल्या आयातदारानं आपल्या जबाबदारीवर द्यायचं. अडचण एवढीच, की सरकारला हे प्रमाणपत्र मागितलं तरच दाखवायचं होतं, आणि मागणं क्वचितच व्हायचं. कित्येकांकडे पुरवठादारानं पाठवलेली पीडीएफ मेलमध्येच पडून असायची, न उघडलेली.

आता अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं ही माहिती एंट्रीसोबतच इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मागायचं ठरवलं. नियम ८ जानेवारी २०२५ ला राजपत्रात आला, लागू होण्याची तारीख ठेवली ८ जुलै २०२६. आमचा हा खेळण्यांचा क्लायंट त्याआधीच्या ऐच्छिक टप्प्यात आपणहून सामील झाला होता. इतर क्लायंट ‘बघू जुलैमध्ये’ म्हणत असताना यानं पुढाकार घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

माहिती भरायच्या दोन पद्धती आहेत. एक तर दर एंट्रीत सगळे तपशील द्यायचे: वस्तू कोणती, कुठले नियम लागू, कुणी बनवली, कुठे आणि कधी, कुठल्या लॅबनं तपासली. नाहीतर आयोगाच्या प्रॉडक्ट रजिस्ट्रीत प्रमाणपत्र एकदा नोंदवून एंट्रीत फक्त त्याचा संदर्भ टाकायचा. क्लायंटनं दुसरी वाट धरली होती. त्याच्या ऑफिसातून मला प्रमाणित करणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि प्रमाणपत्राची आवृत्ती, एवढंच आलं. ते टाकलं की माझ्यापुरतं काम संपलं. रजिस्ट्रीत त्या नावाचं प्रमाणपत्र आहे ना, मग प्रणालीची काही तक्रार नसते.

वस्तू म्हणजे दांडीवर एकावर एक रचायच्या रंगीत लाकडी चकत्या, अगदी लहान मुलांसाठी. माल चीनमधल्या निंगबो बंदरातून निघाला होता, जहाज समुद्रात होतं, एंट्रीला वेळ होता.

एंट्रीत उत्पादकाचा एक कोड टाकावा लागतो. तो बनवायची रीत ठरलेली आहे: आधी देशाची दोन अक्षरं, मग कारखान्याच्या नावातली काही, पत्त्यातले आकडे आणि शेवटी गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरं. माल जहाजावर चढण्यापूर्वी त्याची माहिती कस्टम्सला कळवतात, ते सुरक्षा फाइलिंग; त्यातल्या पत्त्यावरून मी कोड बनवला. शेवटी आलं ‘वाय-यू-एन’. या क्लायंटचे कोड कायम ‘एन-आय-एन’वर संपायचे, निंगबोचे. बोटं आपोआप तेच टाइप करायला निघाली होती. म्हणून रजिस्ट्री उघडली. (क्लायंटनं आम्हाला तिथं बघायची परवानगी दिलेली होती. सगळे देत नाहीत.) प्रमाणपत्रात उत्पादक निंगबोचा, तपासणीही निंगबोच्या मालाची. सुरक्षा फाइलिंगमध्ये मात्र युन्हे, त्याच प्रांतातलं लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव.

सुरक्षा फाइलिंग करणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘पुरवठादारानं दिलं तेच टाकलंय.’ मग पुरवठादाराला मेल केला. उत्तर गोलमोल: कंपनी तीच आहे, काळजी नसावी. मी खेळण्याच्या बुडाचा फोटो मागवला. मुलांच्या वस्तूवर ती कुठे आणि कधी बनली हे कळेल अशी न पुसणारी खूण असावी लागते. फोटो आला. पिवळ्या बैठकीच्या तळाशी लाकडात भाजून उमटवलेला शिक्का, थोडा तिरका, पण अक्षरं स्वच्छ: युन्हे, महिना, बॅच नंबर. कारखान्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे खरं गाव छापलं होतं. खोटं होतं ते इथल्या प्रमाणपत्रात, कारण कुणीतरी मागच्या वर्षीचं जसंच्या तसं उचललं होतं.

मी लगेच क्लायंटला फोन लावला.

‘अहो, गाव बदललं म्हणून काय झालं? डिझाइन तेच आहे,’ तो म्हणाला.

‘रंग तोच आहे का?’

त्याला माहीत नव्हतं. तासाभरानं त्याचाच फोन आला, आवाज उतरलेला. नव्या कारखान्यानं रंग तिथल्याच दुकानदाराकडून घेतला होता. इथं वादच मिटला. ज्याचा नियम पाळण्यावर परिणाम होऊ शकतो असा बदल झाला, सुटा भाग किंवा कच्चा माल दुसरीकडून घेतला, तरी पुन्हा तपासणी आणि नवं प्रमाणपत्र लागतं. रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग आहे, आणि हे खेळणं मुलं तोंडात घालणार. शिवाय खोटं प्रमाणपत्र देणं हाच कायद्यानं वेगळा गुन्हा. माझ्या साहेबांनी त्याला सरळ सांगितलं, की हे नंबर घालून आम्ही एंट्री पाठवणार नाही.

युन्हेहून त्याच बॅचचे नमुने हवाई मार्गानं लॅबला गेले. जहाज पनामा कालव्यातून लांबच्या रस्त्यानं येणारं, त्यामुळे दिवस हाताशी होते. लॉस एंजेलिसला उतरायचा माल असता तर तो लवकर पोचला असता आणि गोदीभाडं भरत बसावं लागलं असतं. निकाल आला, सगळे रंग मर्यादेच्या आत. नवी आवृत्ती नोंदवली, एंट्री गेली, कंटेनर न उघडता सुटला.

क्लायंटचा पहिला उद्गार: ‘म्हणजे लॅबचे पैसे फुकटच गेले की.’ मला राग आला, पण त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. माल चांगलाच निघाला होता. मी फक्त विचारलं, ‘त्या पुरवठादारानं तुमचं अजून काय काय युन्हेला हलवलंय?’

यादी यायला आठवडा गेला. चकत्यांशिवाय आणखी चार वस्तू होत्या. त्यातल्या दोन आधीच्या खेपांतून, जुन्याच प्रमाणपत्रावर, दुकानांत पोचलेल्या. एक तर ओढायची बदकं, तोंडात जाणारीच वस्तू. नियमात न बसणारं काही विकलं गेल्याचं कळलं, तर २४ तासांच्या आत आयोगाला कळवावं लागतं, हे त्याला आमच्या साहेबांनी सांगितलं. त्यानं वकील गाठला, आणि उरलेल्या साठ्यातून बदकांचे नमुने लॅबला पाठवले. आमची त्यात काही भूमिका नाही, पण मी दर सोमवारी विचारते. अजून अहवाल आलेला नाही.