भिंतीवरच्या चिन्हापासून व्यंगचित्रापर्यंत : आमची वाटचाल

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं दुकान आबांनी पाट्या रंगवण्यासाठी सुरू केलं. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही अक्षरांवर त्यांचा हात बसलेला. पण निवडणूक लागली की अक्षरं मागे पडायची आणि भिंतीवर चिन्हं चढायची. कागदावर चिन्ह काढून रेघेवर बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, मग ब्रश. रेघ जराही जाड-बारीक झाली तर आबा भिंत पुन्हा चुन्याने पुसायला लावत.

ते योग्यच होतं. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, म्हणून पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराच्या मतपेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे. कोट्यवधी लोकांनी नाव न वाचता, चित्र ओळखून मत दिलं.

फ्लेक्स आला आणि भिंतींचं काम आटलं. धाकटी बहीण तेव्हा फाइन आर्ट्समधून शिकून बाहेर पडली होती. तिने दुकान चित्रांकडे वळवलं: मासिकांची व्यंगचित्रं, मुलांची पुस्तकं, संस्थांची पोस्टर्स. शि. द. फडणीसांची शब्दांविना चित्रं हा तिचा आदर्श. बडोद्यासारख्या तीन-चार भाषांच्या गावात त्याचा फायदा रोज दिसतो. एकच पोस्टर शहराच्या वाडी भागात चालतं आणि अलकापुरीतही.

व्यंगचित्राच्या ताकदीबद्दल आमच्या मनात शंका नाही. आणीबाणीत, डिसेंबर १९७५मध्ये, अबू अब्राहम यांनी बाथटबमध्ये बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले. तो काळ आठवताना आजही लोक त्या चित्राचंच नाव घेतात. १९६०मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी ‘मार्मिक’ काढलं, आणि त्या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या वाचकांतून सहा वर्षांत एक राजकीय पक्ष उभा राहिला.

हीच रेघ एखाद्या समाजाच्या कपाळी कायमचा शिक्का मारू शकते, हेही आम्ही जाणतो. एका प्रचारासाठी विरोधी उमेदवाराचं लंगडणं रंगवून मागितलं होतं. मोठी ऑर्डर होती. आम्ही आगाऊ रक्कम परत केली. त्याच्या कारभारावर हवं तेवढं बोचरं चित्र काढून देतो, असं सांगितलं. त्यांना ते नको होतं.

सध्या मतदार जागृतीची चित्रमालिका हातात आहे. एकही शब्द नाही. कच्ची रेखाटनं आधी दुकानाबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना दाखवतो. त्यांना जे कळत नाही, ते पुन्हा काढतो.