पांढरा ढीग फुटला: निकेल सिल्व्हर की प्लेटिंगवालं पितळ?

मंडळी, भंगारात द्यायच्या जुन्या चाव्या मी धातूप्रमाणे वेगळ्या करतोय, त्यातल्या पांढऱ्या ढिगाचा निकाल लागला! प्रश्न एवढाच होता की या चाव्या निकेल सिल्व्हरच्या (तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू, नावात असली तरी चांदी नसते) की वर निकेलचं प्लेटिंग असलेल्या पितळेच्या. मागच्या अपडेटपासून तो डबा तसाच पडून होता, म्हणजे मॅग्नेटला चिकटत नाहीत, वरून पांढऱ्या आणि कानस मारली की धड पिवळ्या नाहीत धड पांढऱ्या नाहीत अशा सगळ्या चाव्या. शेवटी उत्तर मिळालं ते दोऱ्याला टांगलेल्या एका छोट्याशा मॅग्नेटकडून. ते खाली सांगतोच.

आधी बाकीचे ढीग पटकन. लोखंडाचं काही नवीन नाही, मॅग्नेटला खटकन चिकटतं ते सगळं एकीकडे. जुन्या लांब दांडीच्या पोकळ किल्ल्या जवळपास सगळ्या तिथेच जातात, पण त्यातल्या हाताने घडवलेल्या आहेत त्या मी भंगारात देणार नाही, लोखंड म्हणून तोलून टाकायच्या वस्तू नाहीत त्या. पिवळ्या दिसणाऱ्या काही जुन्या किल्ल्या मात्र कडक चिकटतात, लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, तेव्हा रंग बघून पितळेच्या ढिगात काहीही टाकू नका. जस्ताच्या डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, चाव्याही आता नजरेने कळतात, कडेला साच्याची बारीक रेघ असते, हातात हलक्या लागतात, आणि वाकवायला गेलं की कटकन तुटून आत राखाडी दाणेदार दिसतं. रंगीत अ‍ॅल्युमिनियमवाल्या तर उचलताक्षणीच कळतात.

आता पांढरा ढीग. कट केलेल्या चावीचे दाते आधी बघायचे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण मशीनने खाच पाडताना प्लेटिंग निघून जातं आणि आतलं पिवळं उघडं पडतं. निम्म्या चाव्या तिथेच सुटल्या. अडलं ते खूप वापरलेल्या, दाते घासून काळपट झालेल्या चाव्यांवर, कारण कमी निकेलवालं निकेल सिल्व्हर ताजं घासलं की हलकी पिवळसर झाक देतं, आणि पितळेवर कानस फिरवली की कडेचं प्लेटिंग ओढलं जाऊन पिवळ्यावर पांढरट साय धरते. एलईडीच्या उजेडात दोन्ही सेम टु सेम. दिवसाउजेडी जरा फरक कळतो, तरी पैज लावावी इतका नाही.

मग पाण्यातलं वजन. पद्धत तीच, काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून टेअर करायचं, म्हणजे काटा शून्यावर आणायचा, चावी बारीक दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवायची, जेवढे ग्रॅम वाढतात तेवढे घन सेंटिमीटर. चावीच्या कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. जस्त यात लगेच उघडं पडतं, ६.६ च्या आसपास. स्टेनलेस ७.९. पण पितळ ८.५ आणि निकेल सिल्व्हर ८.७, इथेच सगळी बोंब आहे. ११.४२ ग्रॅमची चावी असेल तर पितळेला आकडा यायला हवा १.३४ आणि निकेल सिल्व्हरला १.३१, म्हणजे निकाल लटकलाय ०.०३ ग्रॅमवर! डोक्याच्या भोकात अडकलेला एक बुडबुडा तेवढा फरक आरामात खातो, आणि बुडबुड्याने घनता कमीच दिसते, म्हणजे चांगलं निकेल सिल्व्हर पितळ म्हणून मोजलं जातं. पाणी उकळून गार केलं, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला, ब्रशने बुडबुडे झाडले, तरी तीच चावी कधी ८.५ कधी ८.७. खिशात मावणाऱ्या स्वस्त काट्यांवर दोन डेसिमल छापलेले असतात पण शेवटचा आकडा मनाला येईल तसा नाचतो, घेणार असाल तर कॅलिब्रेशनचं वजन सोबत मिळतं तोच घ्या. एकाच छापाच्या दहा चाव्या एकत्र बांधून तोलल्या तर फरक दहापट होतो आणि मग निकाल पक्का येतो, पण एकाच छापाच्या दहा मिळाल्या तर ना.

म्हणून निकेल टेस्टचं किट आणलं, ते दागिन्यांच्या अ‍ॅलर्जीसाठी मिळतं ते, डायमिथाइलग्लायऑक्सिम आणि अमोनिया. बोळा घासायचा, निकेल असेल तर गुलाबी. सगळ्याच गुलाबी!! अगदी ज्यांच्या दात्यात पिवळं चकचकीत दिसतंय त्यासुद्धा. कारण सापडेपर्यंत फार डोकं खाल्लं याने. कानशीच्या दातांत आधीच्या चावीचं प्लेटिंग भरलेलं असतं आणि ते पुढच्या चावीवर पुसलं जातं, टेस्ट इतकी सेन्सिटिव्ह की तेवढंही पुरतं. आता प्रत्येक चावीला पॉलिश पेपरचा नवीन तुकडा, आणि टेस्ट हॅक्सॉने कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी, कडेपासून लांब. पितळेवर मग बोळा फार तर मळकट तपकिरी होतो, ते तांब्यामुळे. लोखंडावर ही टेस्ट करू नका, लोहसुद्धा लालसर रंग देऊ शकतं. आणि पितळेत कापायला सोपं जावं म्हणून शिसं घातलेलं असतं, तेव्हा घासकाम झालं की कीस ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा, फुंकर अजिबात मारू नका.

टेस्ट बरोबर आहे पण प्रत्येक चावी कापत बसायचं म्हणजे जन्म जाईल. तेव्हा सुचलं की रंग आणि वजन जवळजवळ सारखं असलं तरी वीज वाहून न्यायच्या बाबतीत हे दोघं कुठल्या कुठे आहेत! तांबं १०० धरलं तर पितळ २६-२८ आणि निकेल सिल्व्हर जेमतेम ६. मग भोवरी प्रवाह वापरायचे, म्हणजे मॅग्नेट जवळून हललं की धातूत उठणारे आणि त्या हालचालीलाच ब्रेक लावणारे विजेचे प्रवाह. छोटं गोल निओडिमियम मॅग्नेट दोऱ्याला टांगलं, खाली चावीचं डोकं, मधे काही मिलिमीटर अंतर, आणि हलका झोका. पितळेवर झोका लवकर मरतो, निकेल सिल्व्हरवर निवांत हलत राहतो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. फरक घड्याळ न लावता डोळ्यांना कळतो, फक्त शेजारी एक खात्रीचं पितळ आणि एक खात्रीचं निकेल सिल्व्हर साधारण त्याच जाडीचं तुलनेला ठेवा. डोकं पातळ असेल तर त्याच छापाची दुसरी चावी खाली ठेवायची.

यात अजून एक गंमत मिळाली. निकेल स्वतः चुंबकाला ओढतं, त्यामुळे प्लेटिंगवाल्या पितळेजवळ स्थिर टांगलेलं मॅग्नेट किंचित चावीकडे कलतं. अस्सल निकेल सिल्व्हरकडे कलत नाही, मिश्रधातूत निकेलचा तो गुण उरत नाही. म्हणजे आधी स्थिर धरून ओढ बघायची, मग झोका देऊन ब्रेक बघायचा. ओढ आहे आणि ब्रेक आहे तर प्लेटिंगवालं पितळ, दोन्ही नाही तर निकेल सिल्व्हर. ओढ नसली म्हणून प्लेटिंग नाही असं मात्र धरू नका, जास्त फॉस्फरसवालं केमिकल निकेल, म्हणजे विजेशिवाय नुसत्या द्रावणातून चढवलेलं, चुंबकाला दाद देत नाही, तिथे ब्रेकवरच जायचं. स्टेनलेसही ब्रेक देत नाही पण ते पाण्यात ७.९ ला पकडता येतं, आणि जस्त पितळेएवढाच ब्रेक देतं, तेही पाण्यात सुटतं. म्हणजे पाण्याचं काम वाया गेलं नाहीच, बारीक फरकाऐवजी मोठ्या फरकाला वापरायचं इतकंच.

भंगाराच्या दृष्टीने सांगायचं तर प्लेटिंग उतरवत बसू नका, भंगाराच्या आंतरराष्ट्रीय ग्रेडमधल्या ‘हनी’त, म्हणजे मिक्स पिवळ्या पितळेत, प्लेटिंगवालं पितळ चालतं. लोखंड चालत नाही, म्हणून चावीची रिंग आणि पितळी डोक्यातल्या लोखंडी दांड्या आधी काढा, गाडीच्या चावीचं प्लास्टिक आणि बटण सेलही. निकेल सिल्व्हर मात्र वेगळंच द्या, पितळेत मिसळलं तर त्यातल्या निकेलची किंमत कोणी धरणार नाही. आणि समोरचा एक्सरे गन, म्हणजे धातूत काय काय आहे ते मोजणारं हातातलं यंत्र, लावणार असेल तर त्याला कापलेल्या तोंडावर लावायला सांगा, वरून लावली तर प्लेटिंगचं निकेल मधे येतं आणि आकडा भलताच निघतो.

पुढचा प्लॅन झोके मोजून तक्ता करायचा होता, पण हे टाइप करतानाच वाटतंय की उलटं करावं, मॅग्नेट पक्कं ठेवावं आणि चाव्याच गुळगुळीत उतारावरून त्याच्यावरून घसरू द्याव्यात. पितळ अडखळत येईल, निकेल सिल्व्हर सरळ खाली जाईल, ढीगच्या ढीग एकामागून एक सोडता येईल. प्लेटिंगची ओढ त्यात लुडबुड करेल का हीच एक शंका आहे, म्हणून मॅग्नेट आणि उताराच्या मधे जाड अ‍ॅक्रिलिक टाकून अंतर बदलत बघणार आहे. कोणी असा उतार केला असेल तर कोन किती ठेवलात ते लिहा, मी पंचेचाळीसपासून सुरू करतोय.